सॉल्ट पूल की क्लोरीन पूल? क्लोरीन दोन्हीकडे आहे

घरामागे पोहण्याचा तलाव बांधायचं ठरलं की लांबी-रुंदी, खोली, टाइलचा रंग यांवर घरात तासन्‌तास बोलणं होतं. पाणी स्वच्छ कसं ठेवायचं हा विषय अगदी शेवटी निघतो आणि एका वाक्यात संपतो: "क्लोरीन नको, मुलांचे डोळे लाल होतात. आपण सॉल्ट पूल घेऊ."

या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. सॉल्ट पूलमध्ये क्लोरीन असतं, आणि साध्या पूलमध्ये जितकं लागतं तितकंच असतं. दुसरं, डोळे चुरचुरतात ते बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडल्यामुळे. हे आधी नीट समजून घेतलं नाही, तर बराच पैसा खर्चून घेतलेल्या पूलबद्दल पहिल्याच महिन्यात फसवणूक झाल्यासारखं वाटतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मीठ टाकलं की नेमकं काय होतं

सॉल्ट पूलच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात ते ३५ ग्रॅमच्या आसपास असतं आणि आपल्या अश्रूंत सुमारे ९ ग्रॅम. म्हणजे हा पूल समुद्रासारखा खारट नसतो. तोंडात पाणी गेलं तर चव पुसटशी जाणवते, तेवढीच.

हे मीठ स्वतः जंतू मारत नाही. इतक्या कमी प्रमाणात ते मारूच शकत नाही. खरं काम होतं पंपाजवळ. फिल्टरमधून आलेलं पाणी तलावात परत जाण्याआधी एका नळकांड्यातून जातं. त्याला सेल म्हणतात. सेलमध्ये टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांवर रुथेनियम किंवा इरिडियमच्या ऑक्साइडचा लेप असतो. पट्ट्यांमधून कमी दाबाची डीसी वीज सोडली की मिठातल्या क्लोराइडपासून क्लोरीन तयार होतं आणि ते पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनतं. जंतू आणि शेवाळ मारणारं द्रव्य हेच. पावडर टाकली तरी पाण्यात हेच तयार होतं, गोळी टाकली तरी हेच. आपलं काम करून झालं की त्यातलं क्लोरीन पुन्हा क्लोराइड होतं, म्हणजे परत मिठाच्या रूपात येतं, आणि पुढच्या फेरीत सेलमधून जाताना पुन्हा कामाला लागतं. त्यामुळे मीठ संपत नाही. ते बाष्पीभवनानेही उडून जात नाही. कमी होतं ते बॅकवॉशमध्ये (फिल्टर धुण्यासाठी पाणी उलटं सोडून बाहेर टाकतात तेव्हा), गळतीत, अंगाबरोबर बाहेर उडालेल्या पाण्यात आणि पावसाने तलाव भरून वाहिला तर.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. डब्यातून येणारी पावडर आणि कॅनमधलं द्रव क्लोरीन ज्या क्लोरीनपासून बनतं, तेही कारखान्यात मिठाच्या पाण्यात वीज सोडूनच तयार केलेलं असतं. मूळ माल एक, प्रक्रिया एक आणि पाण्यात उतरणारं द्रव्यही एक. एका पूलसाठी हा कारखाना कुठेतरी दूर चालतो, दुसऱ्यासाठी तुमच्या पंपाशेजारी हातभर नळकांड्यात. दोन्ही पूलमधला फरक एवढाच, आणि पुढच्या सगळ्या सोयी-गैरसोयी त्यातूनच निघतात.

तो वास आणि लाल डोळे

पूलजवळ गेल्यावर नाकात जाणारा जो वास आपण "क्लोरीनचा वास" म्हणून ओळखतो, तो क्लोरामाइनचा असतो. घाम, लघवी, अंगावरचं क्रीम यांतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. ती डोळ्यांना आणि घशाला झोंबतात, आणि जंतू मारण्यात ती फारच दुबळी असतात. वास जितका उग्र, तितकं मोकळं, कामाचं क्लोरीन कमी पडलेलं. अशा वेळी वास येतोय म्हणून क्लोरीन बंद करणं ही सर्वांत मोठी चूक. उपाय उलटा आहे. टेस्ट किटने एकूण क्लोरीन आणि मोकळं क्लोरीन मोजायचं, दोहोंतला फरक म्हणजे अडकलेलं क्लोरीन, आणि त्याच्या साधारण दहापट मात्रा एकदम द्यायची. पोहायला त्या दिवशी सुट्टी.

सॉल्ट पूलमध्येही क्लोरामाइन होतात. अंगावर पाणी न घेता सगळे थेट तलावात उतरत असतील, तर कुठलाही सेल डोळे वाचवू शकणार नाही. तरीही सॉल्ट पूलचं पाणी अंगाला मऊ लागतं असं पोहणारे सांगतात, आणि ते खोटं नाही. त्याची दोन कारणं. पाण्यातला थोडा खारटपणा शरीरातल्या द्रवांच्या जरा जवळ जातो. आणि सेल दिवसभर थोडं थोडं क्लोरीन बनवत असल्याने त्याची पातळी फारशी चढत-उतरत नाही. हाताने टाकणाऱ्याकडे सकाळी पातळी उंच असते आणि दुपारच्या उन्हानंतर तळाला गेलेली असते.

यातलं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर खाली पुन्हा येतो.

पीएच: सॉल्ट पूलवाल्यांना कुणी न सांगितलेली गोष्ट

पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, ७.५ असताना मोकळ्या क्लोरीनपैकी जवळपास निम्मं प्रभावी हायपोक्लोरस आम्लाच्या रूपात असतं. पीएच ८ झाला की ते पाव हिश्शाच्या आसपास येतं. म्हणजे किट २ पीपीएम (लिटरमागे २ मिलिग्रॅम) क्लोरीन दाखवतं, आपण निश्चिंत असतो आणि पाण्यात खरी ताकद मात्र निम्म्याने घटलेली असते. म्हणून पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवायचा.

सॉल्ट पूलची खोड अशी की त्याचा पीएच सतत वर सरकतो. सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तयार होतात. ते पाणी घुसळतात आणि पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर काढतात. कार्बन डायऑक्साइड गेला की पीएच चढला. त्यामुळे "मीठ टाका आणि विसरा" असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. आठवड्यातून एकदा तरी पीएच बघायचा आणि बहुतेक वेळा थोडं आम्ल घालायचं. ते न करणाऱ्याच्या सेलच्या पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर धरतो, थर धरला की क्लोरीन बनणं कमी होतं, आणि मग यंत्रावर "मीठ कमी" असा इशारा दिसू लागतो. घाबरून माणूस पोतंभर मीठ ओततो. मीठ ओतणं सोपं, काढणं अवघड. जास्त झालेलं मीठ कमी करायला पाणी सोडून नवीन भरण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून इशारा दिसला की आधी चाचणीच्या पट्टीने मीठ मोजा, मग सेल उघडून बघा. पाणी गार झालं असेल तरीही असा इशारा येतो. सुमारे १५ अंश सेल्सिअसच्या खाली बरीच यंत्रं क्लोरीन बनवणं थांबवतात.

आणखी एक. पंप बंद असताना सेल चालू राहता कामा नये, कारण हायड्रोजन नळीत साठतो आणि तो स्फोटक आहे. प्रवाह थांबताच सेल बंद करणारा फ्लो स्विच बसवला आहे ना, आणि तो खरंच चालतो ना, हे बसवणाऱ्याकडून समोर करून घ्यावं.

हिशेब करून बघू

समजा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे. पाणी झालं ४८,००० लिटर.

सॉल्ट पूल करायचा तर लिटरला ३.२ ग्रॅमप्रमाणे १५० किलोहून थोडं जास्त मीठ एकदाच लागेल. ते शुद्ध हवं, आयोडीन आणि मोकळं ठेवणारी द्रव्यं नसलेलं. कच्च्या मिठातलं लोह भिंतींवर डाग पाडतं आणि त्यातलं कॅल्शियम सेलवर थर जमवतं.

क्लोरीन पूलमध्ये रोज २ पीपीएम खर्ची पडतं असं धरलं तर दिवसाला ९६ ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे ६५ टक्क्यांची कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर जवळपास १५० ग्रॅम. रोज. उघड्या तलावात सायन्युरिक आम्ल नसेल तर कडक ऊन दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे हे आम्ल दोन्ही प्रकारच्या पूलमध्ये लागतं. पण इथे गोळ्यांचा धोका लक्षात घ्या. हळूहळू विरघळणाऱ्या ट्रायक्लोरच्या गोळ्या सोयीच्या वाटतात, मात्र त्या प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम सायन्युरिक आम्ल मागे ठेवतात. वरच्याच हिशेबाने महिन्याला ३६ पीपीएम आणि तीन महिन्यांत शंभरावर. ३० ते ५० पीपीएमला क्लोरीनचं उन्हापासून संरक्षण करणारं हे आम्ल शंभराच्या पुढे गेलं की क्लोरीनला बांधून ठेवतं. किटमध्ये क्लोरीन दिसतं, तरी तलाव हिरवा होतो. "क्लोरीन पूल नेहमी हिरवा पडतो" अशी तक्रार करणाऱ्यांच्या पाण्यात बऱ्याचदा हेच सापडतं.

मीठ कुणाला मानवत नाही

तलावाच्या कडेला चुनखडी किंवा वालुकाश्मासारखा सच्छिद्र दगड लावला असेल, तर सॉल्ट पूलचा मी आग्रह धरणार नाही. उडालेलं पाणी दगडात मुरतं, वाळतं, आत मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. लोखंडी पत्र्याच्या चौकटीचे जमिनीवरचे तलाव, आत लायनर (प्लास्टिकचं अस्तर) आणि मागे स्टीलची भिंत असलेले तलाव, तांब्याची नळी असलेला हीटर, हलक्या स्टीलची शिडी या सगळ्यांना मीठ लवकर पोखरतं. फायबरग्लासच्या तलावाला मिठाचा त्रास जवळजवळ नाही. चांगल्या टाइलचा, चांगल्या सांध्यांचा काँक्रीट तलावही टिकतो.

बॅकवॉशचं पाणी कुठे जाणार हेही आधी ठरवा. खारं पाणी दर आठवड्याला झाडांच्या मुळाशी सोडलं तर माती बिघडते आणि हिरवळ जळते. बागेसाठी ज्यांनी घर घेतलं त्यांनी ही गोष्ट शेवटी नाही, पहिल्यांदा विचारावी.

तुलना बरोबरीच्यांत करा

लोक तुलना करतात ती आपोआप चालणाऱ्या सॉल्ट यंत्राची आणि हाताने पावडर टाकण्याची. ही जोडी बरोबरीची नाही. सॉल्ट पूलचं खरं सुख त्याच्या सातत्यात आहे आणि ते मिठाविनाही मिळतं. टाकीतलं द्रव क्लोरीन थेंब थेंब पाण्यात सोडणारा डोसिंग पंप बसवला की क्लोरीन पूलची पातळीही दिवसभर सारखी राहते. सेल काही वर्षांनी झिजतो आणि नवा घ्यावा लागतो, तो बऱ्यापैकी महाग असतो. डोसिंग पंपात मुख्यतः रबरी नळी बदलावी लागते. याच्या बदल्यात कॅन आणून साठवावे लागतात, आणि द्रव क्लोरीन उष्णतेत ताकद गमावतं, म्हणून साठा थोडा आणि सावलीत ठेवावा.

साठवणुकीत एक गोष्ट कधीही विसरू नका. आम्ल आणि क्लोरीन एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोक्लोराइटची पावडर एकमेकांत मिसळली तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. एकाच मापाने दोन्ही घेऊ नका, एका फळीवर ठेवू नका.

माझं मत विचाराल तर असं: फायबरग्लास किंवा पक्का टाइलचा तलाव, वर्षातला बराच काळ उबदार पाणी, रोज पोहणारी मंडळी आणि आठवड्याला पीएच बघणारा एक तरी माणूस असेल तर सॉल्ट पूल जरूर घ्या, आणि सेल गरजेपेक्षा थोडा मोठ्या क्षमतेचा घ्या. तो कमी वेळ चालतो आणि जास्त टिकतो. लोखंडी चौकट, मऊ दगड, वीज वारंवार जाणं किंवा तलाव वर्षातून दोन-तीनच महिने वापरणं यांतलं काही असेल, तर डोसिंग पंपासह क्लोरीन पूल. हाताने टाकण्याची पद्धत लहान तलावाला आणि शिस्तीच्या माणसाला चालते.

जुना क्लोरीन पूल सॉल्ट पूल करायचा असेल तर मीठ विकत घेण्याआधी पाण्यातलं मीठ मोजा. द्रव क्लोरीन वापरलं की दर वेळी थोडं मीठ मागे राहतं, त्यामुळे बरीच वर्षं न बदललेल्या पाण्यात गरजेच्या निम्मंसुद्धा आधीच साठलेलं असू शकतं. नवा तलाव असेल आणि आत सिमेंटचं प्लास्टर असेल, तर ते पुरतं मुरेपर्यंत साधारण महिनाभर मीठ टाकू नका. त्यानंतर सेल बंद आणि पंप चालू ठेवून मीठ सगळीकडे पसरा, तळाशी ढीग राहू देऊ नका, आणि पूर्ण विरघळायला २४ तास द्या. सेल सुरू होऊन पुरेसं क्लोरीन तयार होईपर्यंतच्या त्या दिवसांत, सॉल्ट पूल असला तरी, क्लोरीन हातानेच टाकायचं आहे.