मेलानोमाची ‘मूळ पेशी’ एका प्रथिनावरून ओळखता येत नाही

मेलानोमा, म्हणजे त्वचेतील रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग, शरीरात पसरतो तेव्हा लाखांत एखादीच ‘मूळ पेशी’ नवी गाठ निर्माण करू शकते, तिच्या पृष्ठभागावर ठरावीक प्रथिन असते आणि तेवढी पेशी नष्ट केली की रोग संपतो, असा समज बरीच वर्षे प्रचलित आहे. या ठाम स्वरूपात तो टिकत नाही.

त्याचा आधार उंदरांवरील प्रयोगांत होता. त्या उंदरांची प्रतिकारशक्ती पुरेशी क्षीण नसल्याने टोचलेल्या मानवी पेशींपैकी बहुतेक रुजतच नसत. २००८ मध्ये मिशिगन विद्यापीठातील शॉन मॉरिसन यांच्या गटाने नैसर्गिक मारक पेशी (परक्या पेशींना मारणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) याही नसलेले उंदीर वापरले, तेव्हा साधारणपणे चारपैकी एका पेशीने गाठ तयार केली. २०१० मध्ये याच गटाने सीडी२७१ आणि एबीसीबी५ यांसह अनेक प्रथिने तपासली; प्रथिन असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही पेशींनी गाठी निर्माण केल्या आणि त्या गाठींत पुन्हा दोन्ही प्रकार दिसले. इतर काही गटांचे निष्कर्ष वेगळे होते, हेही नमूद करायला हवे.

पेशींमधील विविधता मात्र खरीच आहे. एकाच गाठीत एमआयटीएफ हे प्रथिन अधिक असलेल्या आणि एएक्सएल हे प्रथिन अधिक असलेल्या पेशी शेजारीशेजारी आढळतात. पेशींच्या वाढीला चालना देणाऱ्या बीआरएएफ या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांना दुसऱ्या प्रकारच्या पेशी कमी दाद देतात आणि उपचारांनंतर त्यांचे प्रमाण वाढू शकते. एस१०० किंवा मेलान-ए या प्रथिनांच्या खुणा निदानासाठी उपयुक्तच आहेत, परंतु कोणती पेशी रोग पुढे नेईल, हे त्या सांगत नाहीत.