बाळ दूध ओढतं म्हणजे नेमकं काय करतं?

बाळ अंगावर धरत नाही म्हटलं की दोन निकाल लगेच लागतात, एक तर आईला दूधच नाही, नाहीतर बाळच आळशी. वर कुणीतरी नजर लागल्याचं सांगून जातं. बहुतेक वेळा घोळ असतो पकडीचा, म्हणजे बाळ स्तन तोंडात कसा धरतं त्याचा.

निपल चोखलं की दूध येतं असं आपण धरून चालतो. अल्ट्रासाउंड लावून पाहिलं तर वेगळंच दिसतं, ओठ आणि जीभ स्तनाभोवती हवाबंद बसतात, मग जीभ खाली जाते, तोंडातली पोकळी वाढते, आतला दाब कमी होतो आणि दूध आत येतं, सिरिंजचा दट्ट्या ओढल्यावर येतं तसं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत हा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सरासरी १४५ मिमी पाऱ्याएवढा कमी भरला, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास पाचव्या हिश्शाने, आणि हे एवढ्याशा जिभेचं काम! शिवाय चोखल्याचा निरोप मेंदूत पोचून ऑक्सिटोसिन हे हार्मोन सुटतं, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात, तेव्हा कुठे पान्हा फुटतो.

आता यासाठी निपलचं टोक पार आत, कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो त्याच्या जवळपास जायला लागतं. नुसतं निपलच तोंडात असेल तर ते जीभ आणि कडक टाळूमध्ये चेमटतं, आई कळवळते, हवा शिरून टकटक आवाज येतो, आणि सुटल्यावर निपल तिरकं, चपटं झालेलं दिसतं. म्हणून बाळाचं पोट आईच्या अंगाला, नाक निपलसमोर, डोकं जरासं मागे, आणि मोठा आ केला की बाळाला स्तनाकडे आणायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. डोकं मागून दाबू नका, बाळ उलट मागे रेटतं.

दुसऱ्या-चौथ्या दिवशी दूध भरून निपलभोवतीचा काळसर भाग टणक होतो, तिथे बोटांनी मिनिटभर हळू दाबून धरलं की सूज मागे सरते आणि बाळाला पकडता येतं. जीभ खालून चिकटलेली आहे म्हणून लगेच लेझरने सोडवून घ्यायची हल्ली फॅशन निघालीय, काही बाळांना खरंच गरज असते पण आधी कुणीतरी जाणकाराने पाजताना नीट बघायला हवं. तोवर हाताने काढलेलं दूध चमच्याने पाजता येतं, सुरुवातीला चीक एका वेळी काही मिलीच निघतो आणि तेवढा पुरतो. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहाच्या खाली लंगोट ओले होत असतील किंवा बाळ पाजायला उठतच नसेल तर थेट डॉक्टर गाठा.