टीव्ही उत्तर देत नाही

टीव्हीच्या रिमोटवर लाल बटण एकच असतं. तेच दाबून टीव्ही लावायचा, तेच दाबून बंद करायचा. समोर बसलेला माणूस पडद्याकडे बघूनच बटण दाबतो, म्हणून यात कुणाला काही खटकत नाही. पण हेच काम काहीशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे प्रोग्रॅम घालता येणाऱ्या छोट्या चिपवर, सोपवून बघा. ‘रात्री साडेअकराला टीव्ही बंद कर’ असं त्याला सांगून ठेवलं आणि घरच्यांनी अकरालाच तो बंद केला, तर बरोबर साडेअकराला अंधाऱ्या खोलीत टीव्ही सुरू होतो. घरी रिमोट बनवणाऱ्याला सर्किटपेक्षा हीच गोष्ट जास्त छळते.

रिमोटच्या टोकाशी इन्फ्रारेड एलईडी असतो. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी साधारण ९४० नॅनोमीटर, आणि आपल्या डोळ्याची धाव ७०० च्या आसपास संपते. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला मात्र तो बरेचदा जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. सेल संपलेत की रिमोटच बिघडलाय, हे ओळखायला ही युक्ती उत्तम.

अडचण अशी की सूर्यही इन्फ्रारेड ओततो आणि पिवळा बल्बही. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनतारी रिमोट काढला होता. यूजीन पॉली यांची ती करामत: टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे सेल, आणि हातात त्यांच्यावर रोखायचा टॉर्च. ऊन कोपऱ्यावर पडलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. आजचे रिमोट हा घोळ टाळतात, कारण त्यांचा एलईडी नुसता पेटत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. बाजाराच्या गलक्यात ओळखीची शिट्टी कानाने वेगळी काढावी, तसा टीव्हीतला रिसीव्हर तेवढीच लुकलुक उचलतो आणि बाकीचा उजेड सोडून देतो.

या लुकलुकीतून हुकूम कसा सांगायचा याचे ठरलेले संकेत असतात; एनईसी हा त्यातला बराच प्रचलित. सुरुवातीला ९ मिलिसेकंद लुकलुक, मग साडेचार मिलिसेकंद शांतता. त्यानंतर ३२ बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे ३२ आकडे. प्रत्येक बिटाची लुकलुक सारखीच, सुमारे ०.५६ मिलिसेकंद. पुढची शांतता तेवढीच असली तर शून्य, तिप्पट असली तर एक. पहिले ८ बिट पत्ता, मग तोच पत्ता उलटा करून. मग ८ बिटांचा हुकूम, आणि तोही उलटा करून. उलटी प्रत जुळली नाही तर संदेश केराच्या टोपलीत. आपल्याकडे टीव्हीशेजारी बहुधा सेटटॉप बॉक्स असतोच, पण एकाच्या रिमोटने दुसरा हलत नाही, ते या पत्त्यामुळे.

आता हे घरी करायचं तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सगळं सामान मिळतं. ईएसपी८२६६ चा वायफायवाला बोर्ड, एक इन्फ्रारेड एलईडी, छोट्या इशाऱ्यावर मोठा प्रवाह सोडणारा एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि टीएसओपी १७३८ हा तीन पायांचा रिसीव्हर. नावातले शेवटचे ३८ म्हणजेच ३८ किलोहर्ट्झ, सेकंदाला ३८ हजार वेळा. ट्रान्झिस्टर वाचवायचा मोह टाळावा. बोर्डाच्या पिनेतून जेमतेम १२ मिलिअँपिअर घेता येतात, आणि खोली ओलांडायला एलईडीला झटक्यांमध्ये १०० च्या आसपास लागतात. रिसीव्हरसमोर जुना रिमोट धरून एकेक बटण दाबायचं, संकेत नोंदवून घ्यायचा, मग तोच एलईडीतून पाठवायचा. केन शिरिफ यांनी २००९ मध्ये आर्डुइनो या बोर्डासाठी लिहिलेली लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) आणि तिच्यावरून ईएसपीसाठी तयार झालेली आवृत्ती हे किचकट काम करून देतात. एलईडी टीव्हीवर रोखलाच पाहिजे असंही नाही; पांढऱ्या भिंतीवरून परावर्तित होऊनही काम भागतं.

सगळ्याच टीव्हींना एनईसी कळत नाही. सोनीचा संकेत ४० किलोहर्ट्झवर चालतो, फिलिप्सचा आरसी-५ हा ३६ वर. आरसी-५ मध्ये तर एक गंमत आहे. बटण नव्याने दाबलं की त्यातला एक बिट दरवेळी उलटतो, म्हणजे ‘दाबून धरलंय’ आणि ‘पुन्हा दाबलंय’ यातला फरक टीव्हीला कळतो. नोंदवलेला संकेत जसाच्या तसा पाठवत राहिलात तर पहिल्यांदा चॅनेल बदलतो, दुसऱ्यांदा काहीच होत नाही, आणि माणूस विनाकारण वायरिंग तपासत बसतो.

इथवर सगळं सरळ आहे. खरं कोडं त्या लाल बटणाचं, कारण इन्फ्रारेडची वाट एकेरी आहे. संदेश पोचला का, टीव्ही चालू आहे की बंद, हे कळायला परतीचा रस्ताच नाही. ‘मी शेवटचा कोणता हुकूम दिला’ हे बोर्डाने लक्षात ठेवलं तरी कुणी जुना रिमोट वापरला, किंवा वीज जाऊन आली, की हिशेब चुकला.

यावर पहिली सोय टीव्हीतच दडलेली असते. कित्येक टीव्हींना ‘चालू’ आणि ‘बंद’ असे वेगवेगळे हुकूम समजतात, फक्त रिमोटवर त्यांची बटणं नसतात. ८ बिटांत २५६ हुकूम मावतात आणि रिमोटवर पन्नासेक बटणं, तेव्हा जागा भरपूर. मात्र आंधळेपणाने सगळे आकडे पाठवून बघू नयेत. त्यातला एखादा कारागिरांसाठी ठेवलेला सर्व्हिस मेनू उघडतो, आणि तिथल्या सेटिंग बदलल्या तर निस्तरणं कठीण.

दुसरा उपाय एचडीएमआय केबलचा. तिच्या १३ क्रमांकाच्या पिनेवर सीईसी नावाची दुहेरी वाट असते. सॅमसंग तिला ‘एनिनेट प्लस’ म्हणतं, एलजी ‘सिमप्लिंक’, सोनी ‘ब्राव्हिया सिंक’. तिच्यावरून ‘चालू आहेस का’ असं विचारता येतं आणि उत्तरही येतं, पण टीव्हीच्या सेटिंगमध्ये ती सुरू असेल तरच, आणि प्रत्येक कंपनी ती सारख्याच काटेकोरपणे पाळते असं नाही.

मला स्वतःला टीव्ही किती वीज घेतोय ते मोजून बोर्डाला कळवणारा स्मार्ट प्लग जास्त भरवशाचा वाटतो. स्टँडबायमधला, म्हणजे रिमोटने बंद केलेला पण प्लग चालू असलेला, आजचा टीव्ही वॅटभर किंवा त्याहूनही कमी वीज घेतो, चालू असला की त्याच्या कित्येक पट. आकडा मोठा असेल तरच लाल बटणाचा संकेत पाठव, एवढी एकच अट प्रोग्रॅममध्ये घातली की साडेअकराचा घोळ मिटतो. टीव्ही कोणत्या कंपनीचा, किती जुना, याच्याशी प्लगला देणंघेणं नाही. सेटटॉप बॉक्सपुढे मात्र ही युक्ती बरेचदा हरते. पुष्कळसे बॉक्स स्टँडबायमध्येही जवळजवळ तितकीच वीज खात असतात.