परसातील कोंबड्यांवरील माइट व त्यांचा बंदोबस्त

कोंबड्यांच्या अंगावर किंवा त्यांच्या खुराड्यात राहून रक्तावर वा त्वचेवर जगणारे बारीक परजीवी. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या अष्टपाद वर्गात मोडतात त्याच वर्गातले हे प्राणी असून पूर्ण वाढ झाल्यावर त्यांना आठ पाय असतात. उवांशी त्यांची सर्रास गल्लत होते. कोंबडीची ऊ हा सहा पायांचा कीटक आहे. ती फिकट पिवळसर दिसते, पिसे बाजूला सारताच त्वचेवरून लगबगीने पळते आणि सारे आयुष्य कोंबडीच्या अंगावरच काढते. माइटच्या जाती मात्र राहणीत एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. औषध मारूनही उपद्रव हटत नाही, तेव्हा बहुतेक वेळा जातच ओळखलेली नसते : माइट दिवसभर लाकडाच्या फटीत बसलेला असतो आणि औषध पडलेले असते कोंबडीच्या पिसांवर.

लाल माइट

लाल माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) हा परसातल्या खुराड्यांचा सर्वांत चिवट शत्रू. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ शार्ल डी गीअर यांनी १७७८ मध्ये त्याचे वर्णन केले. मोठा माइट जेमतेम १ मिमी. भरतो. उपाशी असताना तो राखाडी, रक्त प्यायल्यावर लाल आणि ते पचत आले की काळपट दिसतो. दिवसा तो कोंबडीच्या अंगावर सहसा सापडत नाही. कोंबड्या रात्री बसतात ती दांडी जिथे भिंतीला टेकते ते टोक, खिळ्यांची भोके, फळ्यांचे सांधे, अंडी घालण्याच्या पेटीचा तळ, छताच्या पत्र्याखालची पट्टी अशा जागी ते शेकड्यांनी एकमेकांना चिकटून बसतात. अंधार पडला की बाहेर येतात, झोपलेल्या कोंबडीवर चढतात, रक्त पितात आणि पुन्हा फटीत जातात.

रक्त मिळाल्यावर मादी फटीतच एका खेपेस चार ते आठ अंडी घालते. दोन-तीन दिवसांत त्यांतून सहा पायांची अळी निघते; ती काहीच खात नाही. त्यापुढच्या दोन बाल्यावस्थांना मात्र रक्त लागते. उबदार व दमट हवेत अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र सुमारे सात दिवसांत पुरे होते, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला मूठभर असलेले माइट महिन्या-दीड महिन्यात खुराडे भरून टाकतात. गारव्यात हे चक्र मंदावते, पण माइट मरत नाहीत. ५° से. तापमानात ते रक्ताशिवाय आठ-नऊ महिने तग धरू शकतात. तेव्हा खुराडे दोन महिने रिकामे ठेवले की ते आपोआप शुद्ध होईल, या भरवशावर नव्या कोंबड्या आणू नयेत.

पहिली खूण बहुधा कोंबड्यांच्या वागण्यात दिसते. एरवी तिन्हीसांजेला आपापल्या जागी जाऊन बसणाऱ्या कोंबड्या दाराशी घुटमळतात, आत जायला नकार देतात, झाडावर किंवा कुंपणावर बसू पाहतात. रात्री त्या अस्वस्थ असतात. पुढे तुरा फिकट पडतो, अंडी कमी होतात, अंड्यांच्या कवचावर चिरडलेल्या माइटांचे लालसर ठिपके दिसू लागतात. सर्वांत जास्त सोसते ती खुडूक कोंबडी. ती रात्रंदिवस एकाच पेटीत बसून राहते आणि हजारो माइटांना तिचे रक्त आयते मिळते. अशी कोंबडी अंड्यांवर बसल्या जागी रक्तक्षयाने मेल्याची उदाहरणे आहेत. लहान पिल्लेही याच कारणाने दगावतात. रक्त पिता पिता हा माइट साल्मोनेलासारखे जंतू एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतो.

खात्री करून घ्यायला विशेष साधन लागत नाही. अंधार पडल्यावर दीड-दोन तासांनी विजेरी घेऊन जावे आणि कागदी रुमालाची घडी दांडीच्या खालच्या बाजूने, विशेषतः टोकांकडे, दाबून फिरवावी. माइट असतील तर कागदावर ताज्या रक्ताच्या रेघोट्या उमटतात. दिवसा पाहायचे तर दांडीच्या टोकाशी सांडलेल्या मीठ-मिरीच्या पुडीसारखा करडा थर शोधावा. ती माइटांची विष्ठा आणि टाकलेल्या काती असतात. पन्हळी पुठ्ठ्याची गुंडाळी दांडीखाली बांधून ठेवली, तर माइट त्याच्या नळ्यांत लपायला जातात. दोन-तीन दिवसांनी ती बंद पिशवीत उलगडून पाहता येते आणि माइटांसकट जाळताही येते.

अंगावर राहणारे माइट

उत्तरी माइट (ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम) आणि उष्ण प्रदेशांतला त्याचा भाईबंद (ऑर्निथोनिसस बर्सा) दिसायला लाल माइटसारखेच असतात, पण त्यांचा संसार कोंबडीच्या अंगावरच चालतो. दिवसाढवळ्या कोंबडी धरून गुदद्वाराभोवतीची पिसे फाकवली, की पिसांच्या बुडाशी काळपट, मळकट थर, खपल्या आणि धावणारे ठिपके दिसतात. पकडणाऱ्याच्या मनगटावरही ते लगेच चढतात. कोंबड्यांपेक्षा कोंबड्यावर, म्हणजे नरावर, त्यांची संख्या पुष्कळदा जास्त आढळते. तपासणी करताना त्याला वगळू नये. उत्तरी माइटचे एक चक्र आठवड्याभरात पुरे होऊ शकते आणि थंडीच्या दिवसांत तो अधिक वाढतो, म्हणजे लाल माइटच्या नेमके उलट. कोंबडीपासून वेगळा पडल्यास तो दोन-चार आठवडेच जगतो. उष्ण प्रदेशांतली जात घरट्यातही बऱ्याच प्रमाणात अंडी घालते, त्यामुळे तिच्या बाबतीत अंग आणि घरटे दोन्हींकडे पाहावे लागते.

पायावरचा माइट

नेमिडोकॉप्टिस म्यूटन्स हा माइट पायाच्या खवल्यांखाली बोगदे करून राहतो आणि डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम : खवले उचकटतात, त्यांच्यामध्ये पांढुरकी, खडूसारखी खपली साठते, पाय जाडजूड व वेडावाकडा होतो. दुर्लक्ष केल्यास कोंबडी लंगडते आणि बोटेही झडू शकतात. वयस्क कोंबड्यांत हा विकार अधिक, आणि त्याचा प्रसार सावकाश होतो.

उपाय सोपा, पण सोशिकपणाचा आहे. पाय कोमट साबणाच्या पाण्यात दहा मिनिटे भिजवावेत, मऊ ब्रशाने सैल झालेली घाणच तेवढी काढावी आणि कोरडे करून पेट्रोलियम जेली किंवा खाद्यतेल खवल्यांच्या आत जाईल असे चोळावे. थराखाली माइट गुदमरतात. दर दोन-तीन दिवसांनी हे तीन-चार आठवडे करावे लागते. खपली ओढून काढणे टाळावे, खालचे मांस सोलले जाते. रॉकेल, पेट्रोल किंवा जळके इंजिन तेल लावण्याचे जुने सल्ले अजून फिरत असतात. त्यांनी त्वचा भाजते आणि कोंबडीला विनाकारण यातना होतात, तेव्हा ते सोडून द्यावेत. माइट मेल्यानंतरही पाय काही महिने ओबडधोबड दिसतात, कारण नवे खवले यायला वेळ लागतो. त्यावरून उपचार फसला असे समजू नये.

याच कुळातला आणखी एक माइट पिसांच्या मुळाशी घुसतो आणि खाजेने कोंबडी स्वतःचीच पिसे उपटते. त्यासाठी पशुवैद्यकालाच दाखवावे.

खुराड्याची सफाई

लाल माइटच्या बाबतीत खरे काम खुराड्यात आहे. आतले तूस, गवत, भुसा सारा काढून जाळावा किंवा बंद पोत्यात भरून दूर न्यावा. शेजारी ढीग लावल्यास माइट चालत परत येतात. दांड्या आणि पेट्या सुट्या करून बाहेर काढाव्यात. सांधे खरवडून त्यांत दाबाच्या पाण्याचा फवारा आत घुसेल असा मारावा, मग कडकडीत उकळते पाणी किंवा वाफ वापरावी. ४५° से.च्या वर माइट फार काळ टिकत नाहीत. अवघड जागा लाकडाची असते, कारण तिच्या भेगांत खोलवर उष्णता पोचत नाही. ब्लो लॅम्पची ज्योत धातूच्या आणि सिमेंटच्या पृष्ठभागापुरतीच ठीक. लाकडी खुराड्यात ती आगीला आमंत्रण आहे. सगळे पूर्ण वाळल्यावर भेगा लांबीने (पुटीने) बुजवाव्यात आणि रंग द्यावा.

त्यानंतर सिलिकायुक्त भुकटी येते. डायटम या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेली ही माती (डायटोमेशियस अर्थ) माइटच्या अंगावरचा मेणाचा थर शोषते आणि तो वाळून मरतो. त्यात विष नसल्याने माइट तिला सरावण्याची भीती कमी, पण ओली झाली की ती निकामी होते. हवेत उडालेली भुकटी माणसाच्या आणि कोंबडीच्या फुप्फुसांना वाईट, म्हणून तोंडावर मुखपट्टी बांधून, कोंबड्या बाहेर असताना, ब्रशाने फटींत भरावी. खुराडेभर उधळण्यात काही हशील नाही. द्रवरूप सिलिका फवारली तर धुळीचा त्रास वाचतो.

पहिल्या सफाईत अंडी आणि खोल दडलेले माइट राहतातच. पाच ते सात दिवसांनी दुसरी फेरी, त्यानंतर पुन्हा तितक्याच अंतराने तिसरी, आणि मग पुठ्ठ्याचा सापळा रिकामा निघेपर्यंत तपासणी हा क्रम मोडू नये. एका रविवारी जीव तोडून केलेल्या सफाईपेक्षा ठरल्या अंतराने केलेल्या तीन साध्या सफाया जास्त उपयोगी पडतात.

औषधे आणि अंड्यांतील अंश

पर्मेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातले औषध भुकटी किंवा फवाऱ्याच्या रूपात बऱ्याच ठिकाणी वापरतात. अंगावरच्या माइटांसाठी भुकटी गुदद्वाराभोवती व पंखांखाली त्वचेपर्यंत चोळावी लागते आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावी लागते, कारण अंडी पहिल्या खेपेत मरत नाहीत. परसात मांजर किंवा मासे असतील तर हे औषध त्यांना विषारी आहे हे ध्यानात ठेवावे. लाल माइटांच्या अनेक वसाहती या गटाला दाद देईनाशा झाल्या आहेत. तेच औषध वाढत्या मात्रेत मारत राहणे हा त्यावरचा मार्ग नव्हे.

फ्लुरालॅनर हे पिण्याच्या पाण्यातून द्यायचे औषध २०१७ मध्ये युरोपीय संघात कोंबड्यांसाठी मान्य झाले. मात्रा दर किलो वजनाला ०.५ मिग्रॅ., सात दिवसांच्या अंतराने दोनदा. औषध कोंबडीच्या रक्तात उतरते आणि ते रक्त पिणारा माइट मरतो, म्हणजे फटीत लपलेला माइटही रात्री आपण होऊन औषधापर्यंत येतो. त्या मान्यतेनुसार उपचाराच्या काळातली अंडी खाता येतात. पण हे औषध पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच मिळते आणि मोठ्या फार्मांच्या बेताने बनवलेले असल्याने पाच-सहा कोंबड्यांसाठी मात्रा मोजणे नाजूक काम आहे. आयव्हरमेक्टिन पायाच्या माइटवर परिणामकारक ठरते, मात्र त्याचे अंश अंड्यांत उतरतात आणि अनेक देशांत अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते मान्य नाही.

भलते औषध वापरण्याचा परिणाम किती दूर जातो हे २०१७ च्या उन्हाळ्यात दिसले. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये लाल माइटसाठी कोंबड्यांच्या शेडमध्ये वापरलेल्या द्रावणात फिप्रोनिल आढळले. कुत्र्या-मांजरांच्या पिसवांवर चालणारे हे कीटकनाशक युरोपीय संघात खाद्य देणाऱ्या प्राण्यांसाठी वर्ज्य आहे. लाखो अंडी बाजारातून मागे घ्यावी लागली. घरची अंडी घरची मुलेच खातात, म्हणून कुत्र्याचे किंवा पिकाचे औषध कोंबडीवर वापरू नये आणि प्रत्येक औषधाच्या वेष्टनावरचा अंडी टाकून देण्याचा कालावधी पाळावा.

धूळस्नान व प्रतिबंध

कोंबडी स्वतःची निगा मोठ्या हुशारीने राखते. कोरड्या मातीत ती लोळते, पंखांनी धूळ पिसांत ओढून घेते आणि झटकून टाकते. पावसातही कोरडी राहील अशी छपराखालची जागा तिला द्यावी. बारीक वाळू, माती व लाकडाची राख पुरते. कॅलिफोर्नियातल्या संशोधनात धूळस्नानाच्या खोक्यात गंधक मिसळल्यावर उत्तरी माइट मोठ्या प्रमाणात घटल्याचे दिसले आहे. चोचही तितकीच महत्त्वाची : अखंड चोचीच्या कोंबड्या पिसे साफ करताना बरेच परजीवी टिपतात, चोच छाटलेल्यांना ते जमत नाही.

नवी कोंबडी आणली की तीन-चार आठवडे वेगळी ठेवावी आणि मिसळण्यापूर्वी रात्री एकदा तपासावी. चिमण्या-कबुतरांची घरटी खुराड्याच्या छपरात असतील, तर पिल्ले उडून गेल्यावर ती काढावीत. जुनी पेटी, पिंजरा, अंड्यांचे ट्रे उसने आणले तर माइटही सोबत येतात. दांड्या सुट्या, गुळगुळीत आणि भिंतीला न टेकणाऱ्या असाव्यात. त्यांच्या पायांखाली तेलाची वाटी ठेवली, तर खालून चढणाऱ्या माइटांची वाट अडते.

हे माइट माणसालाही चावतात. हात, मान आणि कमरेवर खाजरे लाल पुरळ उठते, पण ते माणसाच्या अंगावर वस्ती करीत नाहीत. खुराड्यातून आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत व अंघोळ करावी. त्वचेचे औषध घेऊनही पुरळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर डॉक्टरांना घरी कोंबड्या असल्याचे आवर्जून सांगावे.