पांढरा हायब्रीड टी : प्रदर्शनाच्या टेबलावरून शहरातल्या वाफ्यात

छोट्या बागेत पांढरा हायब्रीड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल देणारा गुलाब, लावणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. कळी टपोरी येते, पण दोन दिवस पाऊस लागला की उमलायच्या आधीच कुजते. पाकळ्यांवर गुलाबी ठिपके उमटतात. फुलकिडे कडा तपकिरी करून टाकतात. हवा दमट झाली की खालची पानं गळतात आणि वर दोनचार फुलं मिरवणाऱ्या नुसत्या काट्या उरतात. मग खतपाण्यात दोष शोधला जातो. खरं तर हे झाड कशासाठी घडवलं गेलं हे पाहिलं, की यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. ते मुळात बागेसाठी घडलेलंच नाही. आधी प्रदर्शनाच्या टेबलानं ते घडवलं, नंतर फूलविक्रेत्यांच्या काचघरांनी. शहरातल्या वाफ्यात ते आलं ते त्या सवयी घेऊनच.

युरोपातले जुने गुलाब बहुतेक करून वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चीनमधले, पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब तिकडे पोचू लागले. त्यातले दोन आपल्या विषयाला महत्त्वाचे : १८०९ च्या सुमारास इंग्लंडात आलेला फिकट गुलाबी ‘ह्यूम्स ब्लश’ आणि १८२४ मध्ये आलेला ‘पार्क्स यलो’. यांच्यापासून जो वर्ग तयार झाला तो टी गुलाबांचा. लांब निमुळती कळी, रेशमासारखी पातळ पाकळी आणि सतत फुलण्याची सवय ही त्यांची देणगी. त्याबरोबर थंडी न सोसणं आणि फुलाच्या भारानं मान टाकणंही आलं. दुसरीकडे हायब्रीड पर्पेच्युअल नावाचे दणकट, थंडी सोसणारे, थोराड फुलांचे गुलाब होते. या दोघांच्या संकरातून हायब्रीड टी निघाला.

रिवाजाप्रमाणे पहिला मान ‘ला फ्रान्स’ला दिला जातो. फ्रान्समधल्या लियॉंच्या जाँ-बाप्तिस्त गियो यांनी तो १८६७ मध्ये बाजारात आणला. याच वर्षाची रेघ मारून ‘जुने’ आणि ‘आधुनिक’ गुलाब वेगळे केले जातात. पण ‘ला फ्रान्स’ त्रिगुणित (गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेला), म्हणजे जवळपास वांझ; त्यातून वंश फारसा पुढे सरकला नाही. माझ्या मते या वर्गाचा खरा कर्ता हेन्री बेनेट हा इंग्लंडच्या विल्टशरमधला शेतकरी. गुरांची पैदास करताना नर-मादी निवडून करावी, तसंच गुलाबातही का करू नये, असा त्याचा साधा प्रश्न होता. तोवर बहुतेक ठिकाणी मधमाश्यांवर भिस्त ठेवून बी गोळा केलं जाई. बेनेटनं तापवलेल्या काचघरात हातानं परागीकरण केलं आणि १८७९ मध्ये दहा ‘वंशावळीचे’ संकर एकदम जाहीर केले. १८८२ मधला त्याचा ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’ झाड म्हणून अशक्त होता, पण आईबाप म्हणून अतिशय उपयोगी ठरला. पांढऱ्याची एक महत्त्वाची शाखा त्याच्यापासूनच फुटली.

आता प्रदर्शनांकडे वळू. इंग्लंडमधलं पहिलं राष्ट्रीय गुलाब प्रदर्शन १८५८ मध्ये लंडनच्या सेंट जेम्सेस हॉलमध्ये भरलं. त्यामागे मुख्य खटपट होती रेव्हरंड सॅम्युएल रेनल्ड्स होल यांची. अशा प्रदर्शनांत झाड कुणी बघत नसे. लाकडी खोक्यात शेवाळाच्या गादीवर बसवलेली सुटी फुलं मांडायची आणि परीक्षकानं प्रत्येक फुलाचा आकार, मधली उंच कळी, पाकळ्यांची भरगच्च घडण तपासायची. झाड खुरटं असलं, पानं गळली, वर्षाला चारच फुलं आली, तरी गुण कापले जात नसत. बक्षिसासाठी वाढवणारे लोक एका फांदीवर एकच कळी ठेवून बाकीच्या खुडत आणि तिच्यावर शंकूच्या आकाराचं छप्पर उभारून ऊनपाऊस अडवत. पावसाला न टिकणारी पाकळी वंशातून वगळली जावी असं कारणच उरलं नाही; छप्पर होतंच की.

हा नाद फक्त बंगलेवाल्यांचा होता असं मात्र नाही. नॉटिंगहॅमच्या कामगारांनी ईस्टरच्या सोमवारी भरवलेल्या गुलाब प्रदर्शनाला परीक्षक म्हणून या, असं बोलावणं होल यांना आलं, तेव्हा त्यांना ती थट्टाच वाटली. एप्रिलात गुलाब कुठले? जाऊन बघतात तो शहराकडेच्या भाड्याच्या चिमुकल्या तुकड्यांवर, इवल्याशा काचघरांत वाढवलेली अव्वल फुलं. रात्री काचघरातल्या रोपांना थंडी बाधू नये म्हणून एकानं स्वतःच्या अंथरुणावरची घोंगडी काढून नेल्याची हकिकत होल यांनी नोंदवली आहे. शहरातल्या टीचभर जागेत प्रदर्शनी गुलाब वाढवायची परंपरा ही अशी जुनी आहे आणि तिची मेहनतही पहिल्यापासून अशीच.

पांढरा रंग या सगळ्याला आणखी अवघड करतो. पाकळीत लाल-गुलाबी आणि पिवळी दोन्ही रंगद्रव्यं जवळपास नसली आणि पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून प्रकाश विखुरला, की ती आपल्याला पांढरी दिसते. लाल पाकळीवर लपून जाणारा डाग इथे लपत नाही. ते गुलाबी ठिपके बोट्रायटिस बुरशीचे असतात आणि फिकट फुलांकडे फुलकिडे जास्त ओढले जातात. शिवाय ‘पांढरा’ म्हणून विकले जाणारे कितीतरी वाण प्रत्यक्षात साईच्या रंगाचे, किंचित हिरवट किंवा गुलाबी छटेचे निघतात.

पहिली दोन मोठी नावं जर्मनीतल्या ट्रीअरच्या पीटर लाम्बर्ट यांची. ‘कायझरिन ऑगुस्टे व्हिक्टोरिया’ (१८९१) ही ‘लेडी मेरी फिट्झविल्यम’ची संतती, शुभ्रपेक्षा मलईकडे झुकणारी, सुगंधी. १९०१ ची ‘फ्राउ कार्ल ड्रुश्की’ मात्र निखळ पांढरी. तिच्या आईबापांतला एक, ‘मादाम कॅरोलिन तेस्तू’, अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या रस्त्यांच्या कडेनं हजारोंनी लावला गेला होता, म्हणजे शहराशी नातं याही घराण्याचं होतंच. ‘ड्रुश्की’ची गणना बरेच जण हायब्रीड पर्पेच्युअलमध्ये करतात. झाड उंच, बळकट, फुलं थोर, वास शून्य. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव खटकू लागल्यावर इंग्रजीभाषक देशांत ती ‘स्नो क्वीन’ म्हणून विकली गेली. वास नाही ही तक्रार मात्र नाव बदलून सुटली नाही. पुढची कित्येक दशकं पांढऱ्याचं माप तीच होती.

शहराच्या बाबतीत एक वेगळीच गोष्ट मध्ये येते. फ्रान्सच्या जोसेफ पेर्ने-दुशे यांनी १९०० मध्ये ‘सोलेय दॉर’ आणला, तेव्हा इराणकडच्या ‘रोझा फेटिडा’ या पिवळ्या गुलाबाचं रक्त बागेतल्या गुलाबांत शिरलं. झगझगीत पिवळा रंग मिळाला, आणि त्याबरोबर पानांवरच्या काळ्या ठिपक्यांना बळी पडायची वृत्तीही. पुढच्या संकरांमधून ती सगळीकडे पसरली. तरीही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या औद्योगिक शहरांमधल्या बागांत हा रोग फारसा दिसत नसे. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड ‘डिप्लोकार्पॉन’ या काळे ठिपके पाडणाऱ्या बुरशीला मारक ठरत होता. १९६० च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवलं गेलं. १९५२ च्या डिसेंबरातल्या लंडनच्या जीवघेण्या धुक्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला, कोळशाचा धूर ओसरत गेला. पांढऱ्या पाकळीवर बसणारी काजळी गेली, पण पानांवर काळे ठिपके आले. शहरातल्या जुन्या माळ्यांना ‘पूर्वी नव्हतं हो असं’ वाटलं असेल, तर ते चुकीचं नव्हतं.

महायुद्धांनंतर उपनगरं वाढली, घरापुढे चार पावलांचा तुकडा आला आणि त्यात ओळीनं हायब्रीड टी लावायची पद्धत रूढ झाली : मोकळी माती, आखीव वाफा, एकट्या गुलाबांचं राज्य. एकाच जातीची झाडं दाटीनं लावायची आणि वर भिंतीमुळे वारा खेळत नाही, मग बुरशीला आणखी काय हवं? रासायनिक फवारे स्वस्त होते तोवर हे खपून गेलं.

याच काळात शार्ल मालेराँ या फ्रेंच इंजिनीअरचा ‘व्हर्गो’ (१९४७) आला. त्याची कळी इतकी रेखीव, की अनेकांच्या मते त्याच्या तोडीची पांढरी कळी झाली नाही. पण भुरी (पानांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) आणि पाऊस, दोन्हींपुढे तो लगेच हात टेकतो. ‘जॉन एफ. केनेडी’ (१९६५) हा जॅक्सन अँड पर्किन्स या अमेरिकन गुलाब कंपनीच्या यूजीन बर्नर यांचा थोर फुलांचा वाण. गरम, कोरड्या हवेत देखणा, थंड-ओलसर हवेत न उमलता कळीचा गोळा होऊन बसणारा. बागेच्या बाजूनं विचार केलेला पांढरा मिळाला तो बेल्जियमच्या लुई लेन्स यांच्या ‘पास्काली’त (१९६३). आईबापांपैकी एक ‘क्वीन एलिझाबेथ’, म्हणजे दणकटपणा घरचाच. फूल मध्यम, पाकळ्या सुमारे ३०, वास अगदी बेताचा. प्रदर्शनवाल्यांना ते लहान वाटलं. पण पावसात उमलणारा पांढरा हायब्रीड टी म्हणून त्याचं नाव झालं आणि १९९१ मध्ये जागतिक गुलाब संघटनांच्या महासंघानं त्याला सन्मानाच्या यादीत घेतलं.

तोवर स्पर्धक येऊन बसला होता. जर्मनीतल्या कोर्देस यांचा ‘आइसबर्ग’ (१९५८) हा फ्लोरिबंडा, म्हणजे झुबक्यांनी फुलणाऱ्या गुलाबांच्या वर्गातला. एकेका फुलात त्याच्याकडे काहीच नाही, पण झाडभर फुलं. केंटमधल्या सिसिंगहर्स्टला लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांनी १९५० च्या सुमारास केलेल्या पांढऱ्या बागेनं पांढऱ्या रंगाची हौस वाढवली, पण तीही झुबक्यांच्या, मिश्र लावणीची. एकेक फूल न्याहाळायची नव्हे. पुढे फवाऱ्यांवर बंधनं येत गेली, तसे हायब्रीड टीचे आखीव वाफे ओसरले. चार कुंड्यांच्या जागेत नुसती पांढरी शोभा हवी असेल तर ‘आइसबर्ग’च लावावा, यात वाद नाही.

एकच लांब दांड्याचं, घोटीव पांढरं फूल हवं असेल तर मात्र हायब्रीड टीला पर्याय नाही. तेव्हा निवडताना कॅटलॉगमधल्या फुलाच्या व्यासापेक्षा पाकळ्यांचा आकडा बघावा. हवा ओलसर असेल तर २५ ते ३५ पाकळ्यांचा वाण ५० पाकळ्यांच्या वाणापेक्षा सहज उमलतो. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा द्यावी, म्हणजे दव लवकर सुकतं. झाड भिंतीला चिकटवू नये. दोन हायब्रीड टी शेजारी दाटण्यापेक्षा मध्ये दुसरं काही बुटकं लावावं. छाटणीत मधल्या फांद्या काढून झाड पेल्यासारखं मोकळं ठेवावं. गळलेली पानं तिथेच कुजू देऊ नयेत. पुढच्या हंगामातले काळे ठिपके त्यांच्यातूनच येतात. आणि पावसाची चिन्हं दिसली की अर्धवट उमललेली कळी सरळ कापून घरात आणावी, ती फुलदाणीत व्यवस्थित उघडते.