सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झाला? नाही हो

"फोल्डर गूगल ड्राइव्हला सिंक आहे ना, मग वेगळा बॅकअप कशाला" हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण सिंक म्हणजे नुसता आरसा, इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते. मीच एकदा लॅपटॉपवर जागा नाही म्हणून फोटो डिलीट केले, वर ड्राइव्हवर आहेतच की म्हणून, आणि नंतर बघतो तर वरही नाहीत! गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस मिळतात, नंतर आठवलं तर बसा बोंबलत. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस, घुसलं तर लॉक झालेल्या फाइल्सच सिंक होतात. म्हणून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर वेगळी कॉपी काढा, आणि काम झालं की केबल काढा बरं का, कायम जोडलेली डिस्कही त्याच तडाख्यात सापडते.