एक्सेलसियर प्रकल्प

अतिउंचीवर विमान सोडावे लागलेला वैमानिक जिवंत जमिनीवर कसा आणायचा, हे शोधण्यासाठी अमेरिकी हवाई दलाने १९५९-६० मध्ये केलेले पॅराशूटचे प्रयोग. कॅप्टन जोसेफ किटिंजर यांनी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर हेलियमच्या फुग्याखालच्या उघड्या पाळण्यातून तीन उड्या मारल्या. आज त्यांतला सर्वांत उंच उडीचा विक्रमच आठवला जातो. खरी परीक्षा मात्र पडताना अंग सरळ धरणाऱ्या एका लहानशा पॅराशूटची, म्हणजे स्थिरक छत्रीची होती.

पेच अवघड होता. वीस-तीस किलोमीटरवर छत्री लगेच उघडली, तर माणूस कडाक्याच्या थंडीत, प्राणवायूवाचून फार वेळ लटकत राहतो. न उघडता खाली यावे, तर विरळ हवेत शरीर सावरता येत नाही. ते आडवे होऊन भिंगरीसारखे फिरू लागते. आधीच्या चाचण्यांत टाकलेले पुतळे मिनिटाला २०० फेऱ्यांपर्यंत गरगरले होते. तंत्रज्ञ फ्रान्सिस बोप्रे यांनी यावर टप्प्याटप्प्याने उघडणारी रचना केली. सुरुवातीच्या छोट्या छत्रीने सुमारे १.८ मीटर व्यासाची स्थिरक छत्री बाहेर ओढायची. तिने वेग फारसा कमी न करता अंग सरळ धरायचे. सुमारे ८.५ मीटरची मुख्य छत्री खाली, दाट हवेत उघडायची.

१६ नोव्हेंबर १९५९ च्या पहिल्या उडीत, सुमारे २३,३०० मीटरवरून, छोटी छत्री वेळेआधीच सुटली आणि तिचा दोर किटिंजर यांच्या गळ्याभोवती गुंडाळला गेला. मिनिटाला १२० फेऱ्या घेत ते बेशुद्ध झाले. राखीव छत्री आपोआप उघडली म्हणून वाचले. स्थिरक छत्रीवाचून काय होते, हे इतक्या भीषण रीतीने कोणत्याही पुतळ्याने दाखवले नव्हते. तरीही चार आठवड्यांच्या आत, ११ डिसेंबरला, त्यांनी पुन्हा उडी मारली आणि ती सुरळीत पार पडली.

१६ ऑगस्ट १९६० रोजी ते सुमारे ३१,३०० मीटरवर पोहोचले. चढतानाच उजव्या हातमोज्यातला दाब गेला आणि हात सुजून दुप्पट झाला. उड्डाण थांबवतील म्हणून त्यांनी हे बराच वेळ खाली कळवलेच नाही. स्थिरक छत्रीच्या आधाराने ते ४ मिनिटे ३६ सेकंद खाली येत राहिले. वेग ताशी ९८८ किलोमीटरपर्यंत गेला. मुख्य छत्री सुमारे ५,३०० मीटरवर उघडली. हात काही तासांत पूर्ववत झाला.

सर्वांत उंच उडीचा हा विक्रम १४ ऑक्टोबर २०१२ रोजी ऑस्ट्रियाचे फेलिक्स बाउमगार्टनर यांनी सुमारे ३९ किलोमीटरवरून मोडला. स्थिरक छत्री न उघडता पडताना तेही काही काळ गरगरले आणि स्वतःच सावरले. त्या दिवशी रेडिओवर त्यांच्याशी जमिनीवरून बोलत होते ८४ वर्षांचे किटिंजर.